भिंतीतल्या अकरा फटी

माझी वहिनी सांधे भरायची. किल्ल्याच्या पश्चिम तटावर मी दगड बसवत असे आणि माझ्यामागून ती दगडांमधल्या जागेत चुना भरत येई. एकवीस वर्षं तिनं दुसरं काम केलं नाही. सांधा आधी बोटभर खोल खरवडायचा, धुवायचा, मग तीन थरांत चुना दाबायचा. दोन थरांत भागतं. तिचं भागत नसे.

"मुंगीनं आत शिरून दाखवावं, भाऊजी," ती म्हणायची. "थापी सोडून देईन."

तो जुना तट तीन वर्षांच्या डागडुजीनंतर लोकांना फिरायला खुला करायचा होता. वरची वाट, कठडे, सगळं तयार होतं. दोन महिने उरले असताना मुकादमानं भिंत सरळ आहे का बघायला दोरी धरली, तर मधला चाळीस हात भाग चार बोटं बाहेर आलेला.

"तटाला पोट सुटलंय," तो म्हणाला.

इंजिनिअर बाईंनी भेगांवर काचेच्या पट्ट्या चिकटवल्या. काच तडकली, तर भिंत अजून सरकते आहे. चौथ्या दिवशी तीन तडकल्या. तेवढा तट उतरवायचा असं ठरलं. म्हणजे आमची तीन वर्षं गेली आणि वाट पुन्हा बंद.

वहिनीनं त्या दिवशी डबा उघडला नाही. तटाच्या पायाशी चालत राहिली. मग मला हाक मारली.

सगळ्यात खालच्या थरात दर चार पावलांवर एक दगड उभा होता. बाकीचे सगळे आडवे. प्रत्येक उभ्या दगडाला लागून वीतभर रुंद, हातभर उंच सांधा, चुन्यानं गच्च भरलेला.

"हे मला रिकामे मिळाले होते," ती म्हणाली. "अकरा. म्हटलं, त्या काळातही आळशी गवंडी असतील. सगळ्यांत आधी हेच बुजवले. पाण्याची वाट होती ती. तटामागच्या मातीतलं पाणी आत कोंडलंय."

"गप्प राहा," मी म्हणालो. "कोणाला कळणार आहे?"

"भिंतीला कळलंय ना."

तिनं इंजिनिअर बाईंना सगळ्यांदेखत सांगितलं. मुकादम पुटपुटला, "वहिनी, आपल्याच पायावर धोंडा पाडून घेताय."

"धोंडा माझाच आहे," ती म्हणाली.

बाईंनी फटी मोकळ्या करायला आठ दिवस दिले. त्यानंतर एक जरी काच तडकली, तर तट उतरवायचा.

तिचं काम तिलाच फुटेना. पहिल्या फटीला छिन्नीनं अर्धा दिवस गेला. आधी दमट वास आला, मग गाळ, मग पाणी. दुपारभर गढूळ, सांजेला नितळ. वरच्या वाटेवर धूळ उडत होती आणि खाली भिंत वाहत होती.

वहिनीनं खांद्यापर्यंत हात आत घातला आणि तशीच थांबली.

"भाऊजी, हात घाला."

मी घातला. तळ बाहेरच्या बाजूला उतरता होता आणि चुना घोटलेला, काचेसारखा. वीतभर चुना असा घोटायला अर्धा दिवस लागतो, मध्ये थांबता येत नाही. तट बारा हात जाड. झाकणाचा दगड बसण्याआधी कोणीतरी वाकून हे केलं होतं. दगड बसला की ते कोणाला दिसणार नव्हतं. किती शतकं झाली, तरी माझं बोट कुठे अडखळलं नाही.

"मी याला आळशी म्हटलं," वहिनी म्हणाली.

तिनं चपला काढून बाजूला ठेवल्या आणि पुढच्या फटीशी बसली. दगडाच्या कपच्यांत अनवाणी बसू नये. मी तिच्या पायाजवळच्या कपच्या बाजूला सारल्या.

मीही छिन्नी घेतली. आठव्या दिवशी अकराही वाहत होत्या. अकराही आतून तशाच घोटलेल्या. त्यानंतर एकही काच तडकली नाही. पोट मात्र राहिलं, अजून आहे. वाट ठरल्या दिवशी खुली झाली.

गेल्या महिन्यात वहिनीला घेऊन गेलो होतो. सगळे वरून लांबवर बघत होते. ती खाली पायाशी. एका फटीत कोणीतरी चॉकलेटचा कागद कोंबला होता. तिनं केसांतली पिन काढून तो ओढून काढला.

शेजारी उभी असलेली एक बाई म्हणाली, "आजी, एवढी डागडुजी केली आणि ही भोकं तशीच ठेवली बघा."

"मी भरून बघितली होती," वहिनी म्हणाली, आणि पुढची फट तपासायला गेली.