अक्कासाठी चॉकलेटची पूड

घोड नदीचा पूर ओसरतो, उसाच्या फडाला लागलेली आग विझते, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीतली भांडणंसुद्धा पुढच्या निवडणुकीपर्यंत मिटतात. पण माझ्या बायकोच्या मामांच्या डोक्यात एकदा शिरलेली गोष्ट बाहेर पडल्याचं उभ्या निमोणे गावात कुणी पाहिलेलं नाही. बुटकी अंगकाठी, सुखवस्तू पोट, पांढरी टोपी आणि मला हाक मारताना "जावईबापू" असा मधाळ शब्द. त्या शब्दानंतर जे येतं तो हुकूम असतो. एकदा निघाल्यावर माघारी वळणं हे मामांना कमीपणाचं वाटतं. तळेगाव ढमढेऱ्याला एका लग्नाला गेलो होतो, तर आम्ही भलत्याच मांडवात शिरलो. मी हळूच कानाशी सांगितलं. मामा म्हणाले, "आता आलोय तर अक्षता टाकूनच जाऊ." अक्षता टाकल्या, आहेर केला, पोटभर जेवले आणि निघताना नवऱ्या मुलाच्या बापाला कढीत मीठ कमी पडल्याचं सांगून आले. तो बिचारा हात जोडून उभा होता.

दुसरं म्हणजे "चुकलं" हा शब्द मामांच्या तोंडून कधी निघत नाही. चूक झाली तर ते बाकी सगळं करतील. एकदा भर बाजारात एका आबांच्या पायावर त्यांचा पाय पडला. आबा कळवळले. मामांनी त्यांना रसवंतीत नेऊन उसाचा रस पाजला, जिलबी बांधून दिली, एसटीत शिरून खिडकीची जागा धरून दिली. शेवटी आबाच काकुळतीला आले. म्हणाले, "बाबा, नुसतं चुकलं म्हण आन् सोड मला." मामा म्हणाले, "ते न्हाई जमायचं. अजून एक गिलास घ्या."

आता अशा माणसाने मुलीच्या लग्नात माइक हातात घ्यावा का? पण घेतला. आमच्याकडे लग्नात मंगलाष्टकांपेक्षा स्वागत लांबतं, आणि भाड्याने आणलेल्या निवेदकावर मामांचा विश्वास नव्हता. आजी सरपंच, माजी सरपंच, होऊ घातलेले सरपंच, सोसायटीचे चेअरमन, पाण्याचा टँकर पाठवणारे, मांडववाले, इतकंच काय उशिरा आलेला फोटोग्राफर, सगळ्यांची नावं त्यांनी उपाध्या लावून घेतली. राहिलं ते एकच, दौंडच्या दाजींचं. दाजी म्हणजे मामांच्या थोरल्या बहिणीचे, अक्कांचे यजमान. जन्मभर रेल्वेत गार्ड होते. नवा फेटा बांधून पहिल्या रांगेत बसले होते. पुढचं नाव आपलंच असणार या अंदाजाने ते दर वेळी खुर्चीतून अर्धवट उठायचे आणि पुन्हा बसायचे. माझ्या जिवाला फार लागलं ते, पण माइक मामांच्या हातात होता.

अक्का जेवल्या नाहीत. मांडवातच म्हणाल्या, "साऱ्या तालुक्याचं नाव घेतलंस, माझ्या मालकाचं तेवढं जड झालं व्हय रं?" मामांनी हात जोडायचे, तर वाद घातला. "घरच्या माणसाचं कुठं स्वागत करत्यात? सोताच्या उंबऱ्याला कुणी 'या, बसा' म्हणतं का?" युक्तिवाद बिनतोड होता, म्हणूनच घात झाला. जाणंयेणं तुटलं. ज्या बाईला भाऊ नाही तिने भाऊबिजेला चंद्राला ओवाळावं, ही आपल्याकडची रीत. अक्कांनी भाऊ धडधाकट असताना गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळलं, आणि तेव्हापासून दर भाऊबिजेला ओवाळतात. मामांना पहिल्यांदा हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "ओवाळू दे. चंद्र काय साडी देतोय व्हय तिला?" त्या रात्री ते जेवले नाहीत, हे मामींनी आम्हाला नंतर सांगितलं.

यंदा आषाढात माझी बायको बोलता बोलता बोलून गेली की डॉक्टरांनी दौंडच्या मावशीचा, म्हणजे अक्कांचा, चहा बंद केलाय. दुधाचा तर त्यांना लहानपणापासून वास सहन होत नाही. पण नातीने पुण्यात कुठल्याशा दुकानात हॉट चॉकलेट पाजलं, तर मावशीने कप बोटाने निपटून खाल्ला. मामा शेवंतीची फुलं निवडत बसले होते. त्यांचा हात थांबला.

"जावईबापू, ते हाट चॉकलेट कशाचं करत्यात?"

मी म्हटलं, तयार पूड मिळते, दौंडच्या फेरीला जाताना पाकीट घेऊन जाईन. माझी नोकरी खतांच्या कंपनीत, दर आठवड्याला दौंडला जावंच लागतं. मामा कडाडले, "इकत आणून द्यायला मी काय पाव्हणा हाय? बहिणीला द्यायचं ते हातानं केलेलं पायजे." झालं. गोष्ट डोक्यात शिरली.

शिरूरला केकचं सामान विकणाऱ्या दुकानातून त्यांनी कोको आणला, घरी येऊन चमचाभर तोंडात टाकला आणि तसेच उलट पावली दुकानात गेले. "ही पूड खराब हाय. कडू झालीया." दुकानदाराने सांगितलं की कोको कडूच असतो. मामांचा विश्वास बसेना. दुकानातल्या प्रत्येक पुड्यातली चिमूट चाखून, सगळे कडू निघाल्यावरच ते शांत झाले आणि तपकिरी मिशांनी गावभर फिरून घरी आले.

साखर घालायला त्यांची तयारी नव्हती. अक्काला गूळ आवडतो, आणि गूळही घरच्या उसाचा. मामांनी गूळ किसला, मिक्सरमध्ये फिरवला, कोको, दुधाची पावडर, सुंठ, जायफळ घालून डबा भरला. श्रावणातली ओलसर हवा. दोन दिवसांत डब्यात दगड तयार झाला. शेजारच्या इनामगावला उत्खननात जुन्या काळची मडकी सापडली. मामांचा तो गोळा तिथे पुरला असता, तर पुढेमागे खणणाऱ्यांनी त्याला हत्यार म्हणून काचेच्या कपाटात ठेवलं असतं. मामांनी तो फोडायला पुन्हा मिक्सरमध्ये घातला आणि मिक्सर जळाला. मामी म्हणाल्या, "नणंदंसाठी मिक्सर जाळला. मी तापानं फणफणले तवा ह्यांनी सुंठ न्हाई कुटली कवा." पण पाटावरवंटा त्यांनीच काढून दिला.

मग गुळाची पूड उन्हात वाळवायचं ठरलं. मामींच्या धुतलेल्या पातळावर पूड पसरली. तासाभरात गावातल्या मुंग्यांनी सभा बोलावली. मामांनी पूड बाजेवर ठेवली, बाजेच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या आणि स्वतः टॉवेल फिरवत राखणीला बसले. शेवंतीच्या राखणीलाही ते असे कधी बसले नव्हते. जो कुणी दारी येईल त्याला कपभर प्यावंच लागे. एक म्हातारे आप्पा पिऊन म्हणाले, "काढा बरा हाय. पण कशावरचा?" मामांनी त्यांचा कप पुन्हा भरला.

अखेर पूड जमली. मऊ, मोकळी, वासाने जीव खूश व्हावा अशी. मामांनी स्टीलचा डबा भरला, फडक्यात बांधला आणि माझ्या हातात दिला. दौंडला अक्कांनी डबा घेतला. "ठेवा तिथं," एवढंच म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात त्यांनी डबा परत दिला, घासूनपुसून लखलखीत, आणि रिकामा.

आपल्याकडे कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात. मामांनी झाकण उघडलं, आत पाहिलं आणि म्हणाले, "सुंठ जास्त झाली असंल." दुसरा डबा गेला, रिकामा आला. "कोको चांगला भाजाया पायजे हुता." तिसरा गेला, तोही रिकामा. मामा कृती बदलत राहिले. मला राहवेना. मी म्हटलं, "मामा, पुडीत काही कमी नाही. काय कमी आहे ते तुम्हाला माहीत आहे." मामांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता आपलंही जाणंयेणं तुटलं. मग ते उठून शेवंतीच्या वाफ्यात निघून गेले.

भाऊबिजेला दुपारी ते आमच्या शिरूरच्या घरी हजर. मांडीवर डबा. "जावईबापू, गाडी काढा." घाईत टोपी घरी राहिली होती, पण माघारी वळणार कोण? दौंडला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. दाजींनी दार उघडलं, मामांना पाहिलं आणि गच्चीकडे बोट केलं.

गच्चीवर अक्का पश्चिमेकडे तोंड करून उभ्या होत्या. हातात तबक, निरांजनावर पदराचा आडोसा. समोर नखाएवढी कोर. मामा धापा टाकत पुढे गेले आणि नेमकी कोर झाकून कठड्याला पाठ लावून उभे राहिले.

"बाजूला सर. चंद्र दिसंना."

"न्हाई सरत."

अक्का डावीकडे सरकल्या, मामाही सरकले. उजवीकडे सरकल्या, मामा तिकडे. "मेल्या, पोट केवढं वाढलंय. आभाळ झाकाया लागलं."

मामांनी डबा काखेत मारला, मूठ तोंडापुढे माइकसारखी धरली. "हॅलो, हॅलो. आजच्या ह्या मंगल प्रसंगी... दौंड नगरीचं भूषण, रेल्वेचे निवृत्त गार्ड, ज्यांनी उभ्या हयातीत एक गाडी लाल सिग्नल ओलांडू दिली न्हाई... असे आमचे एकुलते एक दाजी... ह्यांचं स्वागत... त्या दिवशी राहून गेलं हुतं. ते मी आज करतो."

शेजारच्या गच्च्यांवर माणसं जमली. दाजी जिन्याच्या तोंडाशी उभे होते. त्यांनी सदऱ्याची बटणं चाचपली, ताठ झाले आणि सगळ्या गच्च्यांकडे वळून हात जोडले. या वेळी त्यांना परत खाली बसावं लागलं नाही.

अक्कांनी मामांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग म्हणाल्या, "टोपी कुठाय? बोडक्याला ओवाळू व्हय?" दाजींनी आपली टोपी काढून मामांच्या डोक्यावर ठेवली. ती कानांपर्यंत खाली आली. अक्कांनी कुंकू लावलं, अक्षता लावल्या, ओवाळलं. मामांनी डबा तबकात ठेवला. अक्कांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "जायफळ कमी टाक रं. भरदिवसा झोप येती मला." म्हणजे सगळे डबे बाईसाहेबांनी पिऊन संपवले होते! मी पश्चिमेकडे पाहिलं, कोर मावळून गेली होती. कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं.

परतताना मामा माझ्या शेजारच्या सीटवर होते. दाजींची टोपी तशीच कानांवर. वाटेत म्हणाले, "दाजी लई म्हातारं दिसाया लागलं वो. एवढी वरसं नुसतीच गेली." निघताना अक्कांनी पूड काढून घेऊन परत दिलेला डबा मांडीवर होता. काय घातलंय ते पाहू या, म्हणून मी गाडीतला दिवा लावला. मामांनी झाकणावर तळहात ठेवला.

"कशाला उघडायचा? जड लागतोय की," ते म्हणाले, आणि घर येईपर्यंत त्यांनी हात उचलला नाही.