कोथिंबिरीच्या काड्या

कोथिंबीर निवडताना बोटांना काड्यांचा वास लागला आणि घोडबंदरच्या या उंच इमारतीतल्या फ्लॅटमधून मी थेट कळव्याच्या आमच्या चाळीत पोचले.

मी लहान होते तेव्हा. नुकताच घरी आणलेला ससा कॉटखाली दडलेला, काही खात नव्हता. मी हात घातला की आणखी भिंतीला चिकटायचा. "ओढू नकोस गं त्याला," पप्पा म्हणाले. "घर नवीन आहे, कळू दे जरा." आणि एरवी जेमतेम बोलणारे पप्पा कामावरच्या कपड्यांतच गार फरशीवर आडवे झाले, तळहातावर काड्या ठेवून, डोळे मिटून. दारातलं ऊन त्यांच्या पाठीवरून हळूहळू सरकत राहिलं. कधीतरी कुरतडण्याचा बारीक आवाज आला. ससा त्यांच्या मनगटाला टेकून खात होता. तेव्हा मला वाटलेलं, पप्पांना झोप लागली. झोपेत माणूस इतका स्थिर राहत नाही, हे आज कळतं.

चाळ पाडायची म्हणून पप्पा नुकतेच माझ्याकडे राहायला आलेत. खोलीबाहेर येत नाहीत, ताटात अर्धं तसंच. "बाहेर बसा ना, पप्पा," म्हणून मी रोज मागे लागते. आज मागे न लागता जुडी उचलली आणि त्यांच्या खोलीत फरशीवर बसून निवडत राहिले.

बऱ्याच वेळाने पलंग करकरला.

"काड्या टाकू नकोस," माझ्या शेजारी बसत पप्पा म्हणाले.

मी वर पाहिलं नाही.