मावशीसाठी छापलेला कागद

“मी नाय जायची रोह्याला. कागदात छापून आलंय.”

हमरापूरच्या कारखान्यात, अर्धवट रंगलेल्या गणपतींच्या रांगेतून मावशीचा आवाज आला. ती सुनेला सांगत होती. मी तिला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी रोह्याला आमच्या घरी न्यायला आले होते. ते ऐकून मी दारातच थांबले.

छापलेल्या अक्षरावर आमच्या मावशीइतका विश्वास ठेवणारं माणूस पेण तालुक्यात दुसरं नसेल. कागद कोणासाठी छापलाय, हा प्रश्न तिला कधी पडलाच नाही. हाती आला म्हणजे तो तिच्यासाठीच. मूर्ती गुंडाळायला रद्दीचे गठ्ठे येतात, त्यातलं पान ती आधी वाचते, मगच चुरगळते. एकदा कुठल्याशा कंपनीचं कामगारांसाठीचं सुरक्षापत्रक निघालं, तर पुढे कितीतरी दिवस ती मूर्तींच्या फळ्यांखालून डोक्यावर पातेलं घालून वावरत होती. गुरं पाळणाऱ्यांच्या मासिकात गाभण म्हशीला रोज थोडं चालवावं असं आलं, आणि ही सकाळी बांधावरून फेऱ्या मारायला लागली. काका म्हणाले, “अगो, ते म्हशीसाठी हाय.” “म्हशीला मानवतं ते मला नाय मानवायचं?” मावशी म्हणाली. तिचे गुडघे खरंच सुधारले, त्यामुळे तिला समजावण्याची सोयच उरली नाही.

इंग्रजी पानं ती माझ्यासाठी राखून ठेवायची, कारण मी इंग्रजी शाळेतली. मी अर्थ सांगायचे आणि गप्प बसायचे. “आमची बाय बोलत नाय, पण खोटंही बोलत नाय,” असं ती कौतुकाने सगळ्यांना सांगायची.

तिचं खरं काम आखणीचं, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवायचं. गेल्या मोसमात एका गणपतीचा एक डोळा भक्ताकडे आणि दुसरा वडखळ नाक्याकडे लागला. तेव्हापासून सून तिने रंगवलेले डोळे गुपचूप पुसून पुन्हा आखायची. मावशीला ते कळलं होतं. संध्याकाळी ब्रश धुवायला तिला फार वेळ लागू लागला.

माझी चाहूल लागताच मावशीने कमरेला खोचलेला कागद काढून माझ्या हातात दिला. “वाच, बाय. आंधळं होतात म्हणून लिवलंय ना? खोटं हाय काय?”

नेत्रतज्ज्ञांच्या इंग्रजी मासिकातलं पान होतं. ऑपरेशननंतर क्वचित काय बिघडतं आणि सर्जनने ते कसं ओळखावं, याबद्दल. शेजारी सुजलेल्या डोळ्याचा मोठा फोटो, त्यावरूनच मावशीने अर्थ लावला असणार. खोटं त्यात काहीच नव्हतं.

तेवढ्यात ती मागे वळून कारागिरावर ओरडली, “सोंडेखाली टेकू दे रे, तिथंच तडकते!” आणि लगेच दारातल्या गिऱ्हाइकाला गोड आवाजात म्हणाली, “पाटावर ठेवा, सोंडेला धरून उचलू नका. बाकी देव सांभाळील.”

मग ती पुन्हा माझ्याकडे बघू लागली. त्या धुरकट डोळ्यांना मी नीट दिसत नव्हते, तरी ती वाट बघत होती. एवढ्या माणसांत मी कधी मोठ्याने बोलले नव्हते.

“मावशी, सोंड कुठे तडकते ते तू कारागिराला सांगितलंस, गिऱ्हाइकाला नाही. हा कागद डॉक्टरांच्या कारखान्यातला आहे. तुझ्यासाठीचा वेगळा आहे, दवाखान्याने दिलेला, माझ्या पिशवीत. त्यात लिहिलंय, डोळ्यात पाणी जाऊ देऊ नका, चोळू नका, दुखलं तर लगेच या. तो मी तुला गाडीत वाचून दाखवते. चल.”