न पडलेली पाकळी

मुक्ता आणि ईशान, "आजी, तू अर्थशास्त्रज्ञ, मग जंगलात काय करायचीस?" असं तुम्ही परवा फोनवर विचारलंत. आज सकाळी देव्हाऱ्यातलं फूल आपोआप घसरलं आणि मला एकटीलाच हसू आलं.

मी जंगलांच्या किमती काढायचे. कोकणातल्या एका देवराईवर, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानावर, लाकडाच्या ठेकेदाराचा डोळा होता. गावाने किंमत सांगितली की झाडं पडणार, आणि किंमत विचारायचं काम माझं!

"राय आमची न्हय गो बाय, देवाची. तेकाच इचार," गावकरी म्हणाले.

मग कौल लावला. गुरवाने मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. त्याने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ही शिकलेली बाय इचारता, राय इकूची काय? काय ता सांग!"

"व्हय म्हाराजा!" सगळे गरजले. नादात मीही गरजले. कौल ऐकायला आलेल्या ठेकेदाराने माझ्याकडे रागाने पाहिलं.

आम्ही बसून राहिलो. एकही पाकळी हलेना.

"देव इचार करता," गुरव शांतपणे म्हणाला. "मगे येवा."

मी कचेरीत तसंच कळवलं, "मालक विचार करत आहेत." साहेबांनी मालकांचा पत्ता मागवला.

माणसं घाईने होकार देतात आणि रानं जातात. देवाला कसलीच घाई नसते. त्याचा विचार अजून चालू आहे, आणि राई उभी आहे.