डांबर सोडलं तेव्हा

पेट्रोलचा वास आला की मला अजून अकोटचा रस्ता आठवतो. तेव्हा तिथं डांबराची एकच पट्टी होती आणि दोन्ही बाजूंना काळ्या मातीत कापसाच्या बैलबंड्यांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या. समोरून गाडी आली की दोघांनीही एकेक चाक खाली घ्यायचं, असा रिवाज. मला सहावा महिना होता. दवाखान्यात दाखवायला नवऱ्याच्या मोटरसायकलवर मागे बसून अकोल्याला चालले होते. समोरून एक मोटार भरधाव आली आणि तिचं चाक काही डांबर सोडेना. "हॉर्न द्या ना!" मी ओरडले. यांनी हॉर्न दिला नाही; वेग कमी करत गाडी सरळ मातीत घातली. चाकोरीत चाक हेलकावलं, मी पोट घट्ट धरलं, आणि मोटार धुरळा उडवत अगदी जवळून गेली. मी चिडले, "तुमी कावून उतरले? रस्ता त्याच्या बापाचा हाय का?" हे हळूच म्हणाले, "तो मांगं पाहून बोलून राह्यला होता. हॉर्ननं दचकला असता, तं आपल्यावरच आला असता." पोटातली ती लेक आता मला शहरात, राजापेठेच्या गर्दीत, स्कूटरवर मागे बसवते. मी समोरच्या मोटारीत चालवणाऱ्याचे डोळे शोधते, आणि काचा काळ्या असल्या की माझा हात आपोआप पोटावर जातो.