वणव्याला गेलेलं वऱ्हाड

वनरक्षक म्हणून माझी पहिली नेमणूक ऐंशीच्या दशकात धावड्याच्या वरच्या डोंगरात झाली. मी वाटूरकडचा. आमच्याकडं जंगल म्हणजे बांधावरच्या चार बाभळी. वणवा मी पाहिलेला नव्हता, आणि तो विझवायची जबाबदारी माझी होती.

खरं काम पायथ्याच्या भिल्ल वस्तीतली अकरा माणसं करत. उन्हाळ्याआधी ती गवताचा लांब पट्टा जाळून मोकळा करत, म्हणजे आग तिथंच अडावी. म्होरक्या साठीचा. सगळे त्याला मामा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो.

चैत्रात मामाच्या धाकट्याचं लग्न होतं. मी सकाळीच पोचलो. नवरदेव हळद लावून बसला होता. तेवढ्यात कुणीतरी डोंगराकडं बोट दाखवलं. धूर होता.

"मामा, तुम्ही राहू द्या," मी म्हणालो. "मी भोकरदनच्या ऑफिसला कळवतो."

"तिथून कोण येईल?"

मी विचार केला. "कोणी नाही."

"मंग चला."

नवरदेवही उठला. एक म्हातारी म्हणाली, हळदीच्या अंगानं शीव ओलांडू नये. त्याची आई म्हणाली, "डोंगर काय शिवंबाहेर हाय व्हय?" प्रश्न मिटला.

वाटेत नवरीकडचं वऱ्हाड भेटलं. तेही पलीकडच्या डोंगरातले भिल्लच. धूर पाहून त्यांनी बाया-मुलांना वस्तीकडं लावून दिलं आणि पळसाच्या ओल्या फांद्या तोडल्या. आगीजवळ पोचताच मी जाळाला फांदीनं जोरात झोडपायला लागलो, तशा ठिणग्या उडाल्या. नवरीच्या बापानं माझा हात धरला. "गार्डसाहेब, झोडपू नका. दाबा."

मग वारं फिरलं. जाळ खालच्या गावाच्या कडब्याच्या गंजींकडं वळला. मामानं काडी ओढून आमच्या पुढचंच गवत पेटवलं.

"मामा, जंगलाला आग लावणं गुन्हा आहे!"

"बराबर हाय. नंतर लिवा. आधी हिकडं जळालेल्या जागंत येऊन उभे ऱ्हावा."

मी उभा राहिलो. दोन्ही आगी समोरासमोर आल्या आणि जाळायला काही न उरल्यानं बसल्या. वस्तीतल्या एका बाईनं तांब्या माझ्या तोंडाला लावला, कारण तो मला धरता येईना. कोणी हसलं नाही.

खालून गावातले शेतकरी बैलगाडीवर पाण्याची टाकी घेऊन आले. वणवे भिल्लच लावतात, असं हीच माणसं मला सांगत. गंजी शाबूत होत्या. त्यांनी पाणी दिलं, सगळ्यांनी तोंडं धुतली, आणि मग लगेच पाठ फिरवून परत कसं जायचं ते न सुचल्यामुळं ते लग्नाला थांबले. लग्न तिसऱ्या प्रहरी लागलं. नवरदेवाच्या एका भुवईचे केस जळाले होते. नवरीनं ते पाहिलं आणि मान खाली घालून बराच वेळ हसली.

पुढच्या वर्षी पट्टा जाळायला गावानं आपणहून दोन माणसं पाठवली. त्यांना काहीच येत नव्हतं. मामानं त्यांना माझ्या हाताखाली दिलं.