पारावरून हापसा दिसतो

केवळाबाईच्या उजव्या गुडघ्याने तिला तीन वर्षांपासून जेरीस आणलं होतं. शेतातून घरी येताना वाटेत एकदा तरी टेकावंच लागे, आणि टेकायला जागा नव्हती. म्हणजे जागा होती. गावाच्या मधोमध लिंबाचं झाड, त्याभोवती सिमेंटने बांधून काढलेला ऐसपैस पार, वर गार सावली. वीस-पंचवीस माणसं सहज मावतील. पण चाकूर तालुक्यातल्या त्या गावात पारावर बायका बसत नाहीत. तसा नियम कुणी केला नव्हता, कुठे पाटीही लावली नव्हती. बायका बसत नाहीत, एवढंच. मग केवळाबाई समोरच्या भिंतीला हात टेकून उभी राहायची, दम खायची, पदर सावरायची आणि पुढे निघायची.

तिचं माहेर धर्माबादकडचं. लहानपणी आईसोबत मिरचीचे देठ खुडायला जायची. तिखट डोळ्यांत गेलं तरी हात थांबवायचा नाही, हे ती तिथे शिकली. लग्न होऊन इकडे आली तेव्हा बोलताना मध्येच तेलुगू शब्द यायचे आणि पोरीबाळी फिदीफिदी हसायच्या. ते हसणं पहिल्या खुरपणीतच थांबलं, कारण केवळाबाईची पात, म्हणजे तिच्या वाट्याची ओळ, सगळ्यांच्या पुढे असे. सासू मोठी खाष्ट. तिने सुनेबद्दल जन्मात एकच चांगलं वाक्य काढलं. “आमच्या केवळीचा हात रिकामा कुनी बघितला न्हाई,” असं ती चारचौघांत सांगायची. सुनेने ते वाक्य दागिन्यासारखं जपलं. इतकं, की सत्यनारायणाला गेली तरी हिच्या कनवटीला वातींचा कापूस असायचा.

नवरा ग्यानोबा. वाईट माणूस मुळीच नाही. दारू नाही, हात उचलणं नाही, तोंडात शिवी नाही. शेतात राबायचं तेवढा राबायचा आणि ऊन कललं की पारावर जाऊन बसायचा. बुंध्याला पाठ लावून बसायची त्याची जागा ठरलेली होती. गावात घरोघरी नळ आले होते. पाणी लागत नाही तेव्हा नळाला पाणी येई. होळी झाली की बायका पुन्हा हापशावर. संध्याकाळच्या तीन घागरी केवळाबाईच्या. एक मुलगा, हरिओम, तो बायकोपोरांसह नांदेडला, त्यामुळे हाताखाली कुणी नाही. नवऱ्याला एखादी घागर आणायला सांगावी असं तिच्या मनात कधी आलं नाही. बाप्यांना हे दिसत नसतं, दिसलं असतं तर केलं असतं, अशी समजूत तिने फार पूर्वीच करून घेतली होती आणि त्या समजुतीवर संसार बरा चालला होता.

मार्चमध्ये नांदेडहून पुनम आली. चित्रकला शिकलेली, पंचविशीतली मुलगी, खांद्याला झोळी, पायात बूट. गाव कुणाचं, या विषयावर ती गावातल्याच लोकांना घेऊन काहीतरी करणार होती. काय करणार ते पहिले दोन दिवस कुणालाच कळलं नाही. तिसऱ्या दिवशी तिने शाळेत एक भलीमोठी चादर अंथरली, बायकांकडूनच तिच्यावर गावाचा नकाशा काढून घेतला आणि टिकल्यांची पाकिटं वाटली.

“तुम्ही गावात जिथे जिथे निवांत बसता, तिथे टिकली लावा,” ती म्हणाली.

टिकल्या उंबऱ्यांवर लागल्या, हापशाजवळच्या धुण्याच्या दगडावर लागल्या, बांधावर लागल्या. पाराचा गोल मात्र कोरा राहिला. बांगड्या विकणाऱ्या रईसाने टिकलीऐवजी बांगडीचा एक तुकडा पाराच्या अगदी पायथ्याशी ठेवला.

“बाजाराच्या दिवशी मी बसती की,” ती म्हणाली, “पन खाली. टोपली पुढं असती म्हून चालतंय.”

पुनमने सरपंच वर्षाराणीकडे मोठ्या आशेने पाहिलं. “तुम्ही तरी वर बसत असाल?”

“सरपंच मी हाय,” वर्षाराणी म्हणाली, “पारावर आमचे मालक बसतेत.” सगळ्या खो खो हसल्या. वर्षाराणी सगळ्यांत जास्त हसली.

हसणं ओसरल्यावर पुनमने सांगितलं, की बुधवारी दुपारी सगळ्यांनी मिळून पारावर एक तास बसायचं. भाषण नाही, गाणं नाही, हातात काम नाही. नुसतं बसायचं. हेच चित्र.

“यात चितर कुठं हाय?” केवळाबाईने विचारलं.

“तुम्हीच चित्र, मावशी.”

केवळाबाईला ते काही पटलं नाही. पण एक तास पारावर पाय पसरून बसायला मिळणार, एवढं तिला नेमकं कळलं, आणि सगळ्यांत आधी तिनेच हात वर केला.

बाप्यांनी परवानगी हसत हसत दिली. कार्यक्रम म्हटला की आपल्याकडे कुणाची हरकत नसते. सरपंचांचे मालक दयानंद यांनी स्वतः झाडू घेऊन पार झाडला आणि स्वतःच्या फोटोचं बॅनर बांधायला निघाले. पुनमने कशीबशी त्यांची समजूत काढली. ग्यानोबासुद्धा बायकोला म्हणाला, “ते नवं पातळ नेस. फोटू निघनार हायत.”

बुधवारी तेवीस बायका आल्या आणि एकही रिकाम्या हाताने आली नाही. कुणी सुपात तूर आणली, कुणी फोडायला शेंगा, कुणी हातशिलाईला ब्लाउज. रईसा टोपलीसकट आली. केवळाबाईच्या ओच्यात लसणाचे गड्डे होते.

“हातात काही नको, असं ठरलं होतं ना?” पुनमचा चेहरा उतरला.

“अगं, रिकामं कसं बसावं बाई? लोकं काय म्हनतील?” केवळाबाई म्हणाली. तिला खरोखरच प्रश्न पडला होता. काम हातात असलं की बाई कुठेही खपून जाते. काम काढून घेतलं की ती तिथे कशाला आली, याचं उत्तर द्यावं लागतं.

पुनमने सगळ्यांची कामं गोळा करून शाळेच्या व्हरांड्यात नेऊन ठेवली. मग हातांचं काय करायचं ते कुणाला उमजेना. कुणी ते पदराखाली घातले, कुणी घडी घातली, एक जण खाली पडलेल्या लिंबाच्या काड्या वेचू लागली तेव्हा वर्षाराणीने तिच्या हातावर चापट मारली. पाचेक मिनिटं अशीच अवघडलेली गेली. मग हळूहळू खांदे सैल झाले, कुणीतरी मांडी घातली, कुणीतरी जांभई दिली. केवळाबाई सरकत सरकत बुंध्यापर्यंत गेली, पाठ टेकली, दुखरा पाय सरळ केला आणि तिच्या तोंडून “आई गं” निघालं. इतकं सुख तिला कधी झालं नव्हतं.

मग तिने समोर पाहिलं.

दोन घरांच्या मधल्या फटीतून हापसा दिसत होता. ओझरता नव्हे, सबंध. दांडा, ओटा, ओट्याभोवतीचा चिखल, आणि तिथून तिच्या दारापर्यंतची सगळी वाट. शेजारची सून घागर भरून निघाली होती. तिच्या घागरीतून डुचमळणारं पाणी खांद्यावर सांडत होतं, तेही इथून दिसत होतं. केवळाबाईने मागे हात नेला. पाठीमागचं साल घासून घासून गुळगुळीत झालं होतं. ही ग्यानोबाची जागा होती.

मागच्या वर्षी वैशाखात त्या ओट्यावर तिचा पाय घसरला होता. गुडघ्यावरच आदळली. उठता येईना म्हणून चिखलात तशीच बसून राहिली, बराच वेळ, रईसा येईपर्यंत. दिवस मावळायची वेळ होती. त्या वेळी ग्यानोबा कुठे असतो, ते गावातलं शेंबडं पोरही सांगेल.

बाकीच्या बायका आता मजेत गप्पा मारत होत्या. केवळाबाई तास संपेपर्यंत हापशाकडेच बघत राहिली. पुनमने काढलेल्या फोटोत ती एकटीच हसत नाही.

त्या दिवशी ग्यानोबा जेवायला बसला तेव्हा तिने विषय काढला.

“पारावरून हापसा दिसतो.”

“हाव. दिसतो की.”

“समदा दिसतो.”

“मंग?”

“मी पडले व्हते त्या दिशी. तुमी पारावरच व्हता.”

ग्यानोबाने घास चावून गिळला. “रईसा आली व्हती की तुला उठवाया,” तो म्हणाला आणि भाकरीचा पुढचा तुकडा मोडला.

त्याने थाप मारली असती तर तिने खुशाल मानून घेतली असती. तिला थापच हवी होती. पण त्या भल्या माणसाला यात लपवण्यासारखं काही आहे, हेच सुचलं नाही. चाळीस वर्षं तिने त्याच्या वतीने एक सबब सांभाळली होती, आणि तिची त्याला कधी गरजच नव्हती. तिने त्याला भाकरी वाढली, वरून कालवण वाढलं आणि ताट झाल्यावर उचलून नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुनम चादर आणि फोटो घेऊन नांदेडला गेली. तिथे प्रदर्शन भरणार होतं. दुपारपर्यंत पार पुन्हा बाप्यांचा झाला.

संध्याकाळी केवळाबाईने भाकरी थापल्या, म्हशीला वैरण टाकली, अंगण झाडलं. घागरी होत्या तशाच दारात रिकाम्या ठेवल्या आणि ती पारावर गेली. तिथे पाच जण होते. ग्यानोबा बुंध्याशी.

“काय गं, काय झालं?” तो दचकला.

“काय न्हाई. बसाया आले.”

दयानंद समजावणीच्या सुरात म्हणाले, “काकू, कार्यक्रम काल झाला की.”

“ठावं हाय.” गुडघ्याला हात देत ती वर चढली आणि ग्यानोबापासून हातभर अंतरावर बसली. रिकामे हात मांडीवर ठेवले तर ते काहीतरी शोधायला लागले. तिने एका हातात दुसरा घट्ट धरला.

दयानंदांनी मोबाइल काढला. एक जण खाकरला आणि उठून गेला.

“घरी चल,” ग्यानोबा खालच्या आवाजात म्हणाला. “लोकं बघायलेत.”

“बघू द्या.”

“चहा तरी टाक चल.”

“पानी न्हाई घरात.”

ग्यानोबाने हापशाकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. ती समोर बघत होती. माणूस मंद असला तरी आंधळा नव्हता. थोड्या वेळाने त्याने चपला पायात सरकवल्या आणि तो घराकडे गेला.

घागर घेऊन तो हापशावर आला तेव्हा तिथल्या बायका बाजूला झाल्या. एकीने घागर भरून द्यायला हात पुढे केला, त्याने मानेने नको म्हटलं. दांडा मारायला ताकद होती, पण घागर धारेखाली कशी धरायची ते त्याला येईना, निम्मं पाणी ओट्यावर. डोक्यावर घ्यायची लाज वाटली असावी, त्याने ती पोटाशी कवटाळली आणि धोतर भिजवत चालू लागला. केवळाबाईचं अंग आपोआप उठू लागलं, चाळीस वर्षांची सवय. तिने ओठ दाबले आणि अंग खाली बसवलं.

दुसऱ्या खेपेला तो अर्ध्या वाटेत थांबला, घागर खाली ठेवली आणि मान वर करून पाराकडे पाहिलं. इतक्या लांबूनही त्याच्या कपाळावरचा घाम तिला दिसला. आणि ती बघते आहे, हे त्यालाही दिसलं.

ती उठली नाही.